तपासणीचा कागद

दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे कुळाभोवती, गोत्राभोवती आणि इस्टेटीभोवती फिरू लागते. मुलाच्या प्रकृतीची चौकशी फारशी करावी लागत नसे. मूल बहुधा भाऊबंदांच्याच घरातले, पाळण्यात असल्यापासून सर्वांनी पाहिलेले. पण तेच मूल सातासमुद्रापार, परक्या घरी जावयाचे असले तर? मग डॉक्टरचा कागद त्याच्या वतीने बोलू लागतो. हा कागद कोणासाठी लिहावयाचा, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले आहे, आणि म्हणून मला त्याचा इतिहास चाळावासा वाटला.

प्रारंभी तो मुलासाठी नव्हताच. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून उतारूंची तपासणी होई. डॉक्टर पापण्या उलटून खुपऱ्या शोधीत आणि संशय येईल त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढीत; लंगडेपणाला एक, हृदयविकाराला दुसरे. रोग देशात शिरू नये, हा त्यामागचा एक हेतू. पुढे कोरियातील युद्ध १९५३ साली थांबले आणि तेथील पोरकी मुले अमेरिकेत जाऊ लागली. ऑरेगनमधील हॅरी होल्ट या शेतकऱ्याने पदरी सहा मुले असताना १९५५ साली आणखी आठ घरी आणली. पण अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याने क्षयरोग्यास प्रवेश नव्हता. तिकडे आई कितीही वाट पाहत असो, इकडे मुलाच्या फुप्फुसांना आधी परीक्षा द्यावी लागे.

आपल्या देशात परकीयांनी मूल नेण्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली ते येथे पालक होत आणि आपल्या देशी जाऊन दत्तक घेत. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले: कोवळ्या मुलांना जीव धोक्यात घालून दूरच्या प्रवासाला धाडले जाते. त्या पत्राचीच याचिका झाली. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालात मुलाच्या अहवालात काय काय असावे, हे बारकाईने सांगितले आहे. प्रकृतीचा दाखला नोंदणीकृत डॉक्टरचा, शक्यतो बालरोगतज्ज्ञाचा हवा. शिवाय जन्मदात्या आईची प्रकृती, तिचे गरोदरपण आणि बाळंतपण यांचीही माहिती हवी. ज्या बाईचे नाव घ्यावयाला कोणी तयार नसे, तिची विचारपूस न्यायालयाने केली! आणि गंमत अशी, की दत्तक घेणाऱ्यांच्याही हृदयाची तपासणी सांगितली आहे. अर्थात नळी लावून करावयाची.

याच निकालात एक कडू गोष्टही आहे. आधी भारतीय घर शोधावे, असा नियम घालताना अपंग व तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या आजारी मुलांसाठी मात्र खोळंबू नये, असे म्हटले आहे. आपल्या घरांची दारे अशा मुलांना क्वचितच उघडत, हे न्यायालयास ठाऊक होते.

खरी पंचाईत वयाची. रस्त्यावर सापडलेल्या मुलाची जन्मतारीख डॉक्टर दात मोजून आणि मनगटाच्या हाडांचे चित्र पाहून ठरवितो. पण उपाशी मुलाची हाडेही मागे राहतात. चार वर्षांचे मूल कागदावर तीन वर्षांचे होऊन विमानात बसते. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या लवकर वयात येतात असे आढळले. अशा मुलीचे खरे वय किती, हा प्रश्न त्या घरात किती नाजूक असेल, हे लेकीची आई असलेल्या वाचक भगिनींना सांगावयास नको.

१९९३ च्या हेग कराराने आणखी एक पाऊल टाकले. मुलाचा वैद्यकीय पूर्वेतिहास केवळ पाठवावयाचा नाही, तो जपूनही ठेवावयाचा. भारताने २००३ साली या करारास मान्यता दिली. आता तो कागद त्या मुलाचा झाला. परदेशी वाढलेली मुले मोठेपणी येथे येऊन संस्थांच्या कपाटांतली आपली फाईल मागतात. तिकडचा डॉक्टर विचारतो, घरात कोणाला मधुमेह आहे का? आई कशाने आजारी होती? ती उत्तरे फाईलच्या ज्या रकान्यात असावयाची, तो कित्येकदा कोराच असतो.