एडगर
शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ (सु. १६०५-०६) या शोकांतिकेतील ग्लॉस्टरच्या उमरावाचा औरस पुत्र. अनौरस भाऊ एडमंडच्या बनावट पत्राला भुलून बाप त्याला पितृघातकी ठरवतो. जीव वाचवण्यासाठी तो अंगाला मळ फासून ‘टॉम’ नावाचा वेडा भिकारी बनतो. डोळे काढलेल्या बापाला तो ओळख न देता सांभाळतो आणि डोव्हरच्या कड्यावरून उडी घेतल्याचा भास घडवून त्याची जगण्याची इच्छा परत आणतो. ही पितृभक्ती हृद्य खरी, पण निर्दोष नव्हे. ओळख फार उशिरा दिल्याची चूक तो स्वतःच मान्य करतो, कारण मुलाची ओळख पटताच हर्ष आणि शोक एकदम न सोसून बाप प्राण सोडतो. एडमंड एडगरच्याच हातून द्वंद्वात पडतो. नाटकाचे अखेरचे बोल १६०८च्या क्वार्टो प्रतीत ऑल्बनीच्या ड्यूकच्या, तर १६२३च्या फोलिओत एडगरच्या तोंडी आहेत.