विभाजक-क्रमिकांचे शेवट आणि संगम

एखादी संख्या घ्यावी, ती स्वतः वगळून तिच्या उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज करावी, त्या बेरजेवर पुन्हा तीच क्रिया करावी आणि अखेर आपण कोठे पोहोचतो ते पाहावे, एवढाच ज्याचा विधी, त्या प्रश्नाने गणितज्ञांना शतकाहून अधिक काळ स्वस्थता लाभू दिलेली नाही. १२ पासून निघाल्यास १६, १५, ९, ४, ३ अशी पदे येऊन १ वर क्रमिका संपते. ६ आणि २८ या परिपूर्ण संख्या स्वतःपाशीच स्थिर राहतात. आणि २२० व २८४ ही मित्रसंख्यांची जोडी परस्परांकडेच परतत राहते.

अशी कोणतीही क्रमिका अनंतापर्यंत वाढत जात नाही, हे अनुमान यूजीन कातालां यांनी १८८८ मध्ये मांडले व १९१३ मध्ये लिओनार्ड डिक्सन यांनी, आवर्तनांचीही तरतूद करून, त्याला नेमके रूप दिले. पुढे १९१८ मध्ये बेल्जियमच्या पॉल पूले यांनी १२४९६ पासून सुरू होणारे पाच पदांचे आणि १४३१६ पासून सुरू होणारे २८ पदांचे आवर्तन शोधून काढले.

परंतु क्रमिकांचा खरा पाठलाग डेरिक हेन्री लेमर यांच्या काळी सुरू झाला. १३८ ही क्षुल्लक वाटणारी संख्या १,७९,९३,१८,९५,३२२ इतक्या उंचीवर चढते आणि १७७ पायऱ्यांनंतर १ वर येते, हे त्यांनी दाखविले. १००० च्या आतील ज्या सहा मुख्य क्रमिका दीर्घकाळ अनिर्णित राहिल्या, त्यांपैकी ८४० चा निकाल पुढे ६०१ या मूळ संख्येपाशी लागला. २७६, ५५२, ५६४, ६६० आणि ९६६ या पाच बाकी राहिल्या.

वस्तुतः १००० च्या आत ज्यांचा शेवट अज्ञात आहे अशा संख्या बारा आहेत. पण जसा नद्यांचा संगम व्हावा तशा त्यांच्या क्रमिका एकमेकींत मिसळत असल्यामुळे बारांचा तपास पाचांवर येतो. २७६ आणि ३०६ या दोहोंचे पुढचे पद ३९६ आहे. ६६०, ८२८ व ९९६ या तिन्ही १३५६ पाशी एकत्र येतात. म्हणून प्रत्येक संगमाची बिनचूक नोंद ठेवणे हे या शोधकार्यातील आद्य कर्तव्य ठरते. एकदा संगम सिद्ध झाला की पुढचे सारे श्रम सामाईक होतात, आणि जेथे प्रत्येक पदाचे मूळ अवयव पाडल्यावाचून पुढचे पद हाती लागत नाही, तेथे ही बचत अल्प नव्हे.

रिचर्ड गाय व जॉन सेल्फ्रिज यांनी मात्र कातालां यांच्या उलट मत दिले: विशिष्ट अवयव-समूह पदांना चिकटून राहून त्यांना वर ढकलीत असल्यामुळे, सम संख्यांपासून निघणाऱ्या पुष्कळ क्रमिका कधीच थांबणार नाहीत. या दोन मतांचा फैसला अद्याप झालेला नाही. २७६ ची क्रमिका दोन हजारांहून अधिक पदे चालून दोनशेहून अधिक अंकी संख्यांत शिरली आहे. सहस्रावधी क्रमिकांचे शेवट हाती आले तरी त्यांनी अनुमान सिद्ध होत नाही. तथापि सिद्धता जेव्हा केव्हा येईल, तेव्हा तिला या निष्ठेने राखलेल्या नोंदींशी आपला मेळ बसवावाच लागेल.