विटाळाची नवी आवृत्ती : एचआयव्ही, कायदा आणि वस्तीतला दवाखाना

एचआयव्ही स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका नळाचे पाणी प्यायल्याने, एका संडासात गेल्याने, डास चावल्याने पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने आणि आईकडून बाळाला. शास्त्राला हे गेली चाळीस वर्षे माहीत आहे. तरीही या देशात एचआयव्हीग्रस्त माणसाचे ताट वेगळे झाले, अंथरूण ओसरीवर गेले, पोराला शाळेतून काढले गेले, मयताला खांदा द्यायला माणसे पुढे आली नाहीत. ही रीत आजाराबरोबर परदेशातून आली नव्हती. ती इथे हजारो वर्षे तयारच होती. तिचे नाव विटाळ.

म्हणून एचआयव्हीचा इतिहास फक्त डॉक्टरांनी लिहून भागणार नाही. रक्त कोणाचे तपासले, कोणाला विचारून तपासले, कोंडले कोणाला आणि औषध कोणाला उशिरा मिळाले, हे प्रश्न जातिअंताच्या चळवळीने विचारले पाहिजेत.

पहिले रक्त कोणाचे?

१९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देशातला पहिला एचआयव्ही संसर्ग शोधला. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. 'एड्स हा परदेशी रोग, आपली संस्कृती पवित्र, इथे तो येणार नाही' असे मोठमोठी माणसे छाती फुगवून सांगत होती, त्या काळात या दोघींनी सत्य समोर आणले. पुढे सोलोमन यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभे केले आणि हजारो रुग्णांना आधार दिला. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण त्याच घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते रक्त होते सरकारी सुधारगृहात डांबलेल्या, देहविक्री करणाऱ्या बायकांचे. ते नेमके कशासाठी घेतले जात आहे हे त्यांना सांगितले गेले नव्हते. नाही म्हणण्याची सोय कैदेत नसते. सहा नमुने पॉझिटिव्ह आले आणि देश हादरला. त्या सहा बायकांचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी हादरले नाही. या साथीच्या भारतातल्या इतिहासाचे पहिले पान असे संमतीविना लिहिले गेले.

गोव्यातले चौसष्ट दिवस

१४ फेब्रुवारी १९८९. गोव्यातल्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. पोलिसांनी त्याला कारण न सांगता उचलले आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये एकट्याला कोंडले. गुन्हा कोणता? रक्तात एचआयव्ही सापडला हाच. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद घालून ठेवली होती. चौसष्ट दिवस तो तिथे होता. आई ल्युसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. डॉमिनिक बाहेर आला, पण न्यायालयाने अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार मात्र वैध ठरवला. एका व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाचे हित यांत समाजाचे पारडे जड, असा तो युक्तिवाद. स्पर्शाने न पसरणाऱ्या आजारात माणूस कोंडून समाजाचे कोणते हित साधते, याचे उत्तर त्या निकालात सापडत नाही.

त्याच वर्षी केंद्र सरकारने एड्स प्रतिबंधक विधेयक संसदेत आणले. त्यातही सक्तीचाच वास होता. विरोध झाला आणि पुढे ते मागे घ्यावे लागले. डॉमिनिकने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा २००५ मध्ये आला. डॉमिनिकची आठवण राहिली ती राहायलाच हवी. मात्र त्याच्यामागे आई होती, मित्र होते, वकील होते. मद्रासच्या त्या बायकांमागे कोणी नव्हते. इतिहास कोणाला नाव देतो आणि कोणाला फक्त 'नमुना' म्हणतो, यात आपल्या समाजाची उतरंड स्वच्छ दिसते.

रोजंदारीवरचा मजूर न्यायालयात

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक वेगळा निकाल दिला. एका सार्वजनिक उपक्रमातल्या रोजंदारी मजुराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केले होते. तो धडधाकट होता, काम करत होता. न्यायालयाने सांगितले की माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून खरा धोका नसेल, तर फक्त एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे नाव जाहीर न करता खटला लढण्याची मुभा त्याला मिळाली. म्हणून तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ओळखला जातो. घटनेचे १४ वे आणि २१ वे कलम रोजंदारी मजुराच्या पोटापर्यंत पोहोचले ते असे.

बाबासाहेब, कर्वे आणि कामाठीपुरा

इथे आपल्याच चळवळीतला एक आक्षेप समोर घेतो. 'लैंगिक आजार, कंडोम, वेश्यावस्ती हे आंबेडकरी माणसाचे विषय नाहीत' असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी इतिहास पाहावा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. १९३४ मध्ये त्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणे हा गुन्हा कसा, हा त्यातला मुद्दा होता. खटला हरला, मुद्दा हरला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. शरीराविषयीचे ज्ञान गरिबाच्या घरापर्यंत गेले पाहिजे, ही आपलीच परंपरा आहे.

आक्षेप घेणारे १६ जून १९३६ चे परळच्या दामोदर हॉलमधले भाषण पुढे करतात. कामाठीपुऱ्यातल्या महार स्त्रिया, देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले आणि हा धंदा सोडा असे त्यांनी कठोरपणे सांगितले. ते भाषण मऊ करून सांगण्याची गरज नाही. पण त्यांनी त्या बायकांना समोर बसवून, माणूस समजून सांगितले, हे कसे विसरता? त्यांना डांबा, त्यांच्या नकळत रक्त काढा, आजारी पडल्या तर मरू द्या, असे त्या भाषणातून कोण काढू शकेल? देवदासी प्रथा दलित मुलींच्या शरीरावर उभी होती. तिच्याविरुद्ध १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात, १९८२ मध्ये कर्नाटकात आणि २००५ मध्ये महाराष्ट्रात कायदे झाले. प्रथा गेली पाहिजे हे आपले ध्येय आहेच. ती जाईपर्यंत त्या स्त्रीने आजाराने मरावे, हे मात्र कोणत्याही ध्येयात बसत नाही.

सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू आणि सहकाऱ्यांनी 'संग्राम'चे काम सुरू केले. गोकुळनगरातल्या बायकांनीच कंडोम वाटले, एकमेकींना समजावले, गिऱ्हाइकाला 'निरोध नाही तर येऊ नको' असे ठणकावून सांगायला शिकल्या. त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. देहविक्रीकडे काम म्हणून पाहावे की शोषण म्हणून, यावर आपले त्यांच्याशी मतभेद असू शकतात. पण साथ रोखली ती भाषणांनी नव्हे, त्या बायकांच्या संघटनेने. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचा याहून चांगला पुरावा कोणता?

गोळी देशात होती, गरिबाच्या हातात नव्हती

१९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार जगाला ठाऊक झाला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नव्हती, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होती. त्या बळावर मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तेच औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले, म्हणजे दिवसाला साधारण एक डॉलर. आफ्रिकेतली लाखो माणसे त्यामुळे जगली.

आणि मुंबईतला गरीब? त्याला सरकारकडून हे औषध मोफत मिळू लागले १ एप्रिल २००४ पासून, तेही सुरुवातीला देशभरातल्या मोजक्या सरकारी रुग्णालयांत. औषध या शहरातल्या कंपनीकडे होते आणि याच शहरातली माणसे त्याविना मेली. औषध नसणे आणि औषध असून न मिळणे यात फरक आहे. पहिले दुर्दैव, दुसरी व्यवस्था. चवदार तळ्याला पाणी होतेच, प्रश्न ते पिण्याच्या हक्काचा होता.

आज दवाखान्यात काय मिळते

आज चित्र बदलले आहे, पण ते वस्तीला कळले तर उपयोग. सरकारी रुग्णालयांत आणि अनेक आरोग्य केंद्रांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. तिथे चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त घेतले जाते. एका चाचणीवर कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासून खात्री करतात. संसर्गानंतर लगेच चाचणी केली तर ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून समुपदेशक सांगेल त्या मुदतीनंतर पुन्हा जायचे.

पूर्वी प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच उपचार सुरू होत. २०१७ पासून नियम बदलला आणि निदान झाले की उपचार सुरू. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत आढळत नाही, आणि जो आढळत नाही तो लैंगिक संबंधातून जोडीदाराकडे जात नाही. उपचाराने संसर्ग रोखता येतो हे २०११ मध्ये ज्या मोठ्या संशोधनाने दाखवले, त्यात पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती. गरोदर बाईने वेळेत चाचणी आणि उपचार घेतले तर बाळ संसर्गाविना जन्मू शकते. बलात्कार झाला, दवाखान्यात सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर तितके बरे, औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. सफाई कामगारांना हे कोण सांगते? दवाखान्याचा कचरा उचलणारे हात कोणाचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

कायदा आहे, तो हातात घ्या

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही. परवानगीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही. नोकरी, शिक्षण, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपाल. पण उपचाराच्या कलमात सरकारने 'शक्य तितपत' असे शब्द घालून ठेवले आहेत, आणि त्यावर तेव्हाच आक्षेप घेतला गेला होता. हक्काच्या वाक्यात 'शक्य तितपत' आले की तो कधी दान होईल सांगता येत नाही. निधी आटला, गोळ्यांचा साठा संपला, समुपदेशकाचे कंत्राट संपले, तर हेच शब्द ढाल म्हणून पुढे येतील.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात, महिला मंडळात, जयंतीच्या व्याख्यानमालेत या विषयाला जागा द्या. जवळच्या केंद्रात चाचणी होते का, गोळ्या वेळेवर येतात का, वही उघडी ठेवून लोकांची नावे मोठ्याने पुकारली जातात का, हे जाऊन पाहा आणि लेखी विचारा. कोणाचे ताट वेगळे झाले असेल तर त्याच्या शेजारी बसून जेवा. विटाळाचे उत्तर आपण महाडला दिले होते. तेच उत्तर आज दवाखान्याच्या रांगेत द्यायचे आहे.

जय भीम!