जळत्या हाताची नावे

अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेले सैनिक फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात येत. जखम भरलेली असे, पण हातापायाची आग थांबत नसे. कुणी ओले फडके सतत हाताला धरून बसे, कुणी बुटात पाणी ओतून घेई. सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ साली या आगीचे वर्णन छापले आणि पुढे तिला ‘कॉझॅल्जिया’ हे नाव मिळाले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जळणारी वेदना, म्हणजे रुग्ण सांगत होता तेच. नंतरच्या नावांत मात्र डॉक्टरांचा तर्क शिरला. १९०० साली पाउल झूडेक यांना हाडे विरळ झालेली दिसली आणि दुखणे हाडाचे ठरले. १९४६ साली जेम्स इव्हान्स यांनी त्याला ‘रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी’ म्हटले, आणि दोष अनुकंपी मज्जासंस्थेकडे गेला. त्या संस्थेचे मज्जातंतू बधिर करण्याचे, कापण्याचे उपाय झाले, तरी कित्येकांचा ठणका तसाच राहिला. अखेर १९९४ साली ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. त्यात कारणाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे. जागा मोकळी राहिली, म्हणून नवा प्रश्न विचारता आला: शरीराची प्रतिकारशक्तीच इथे स्वतःवर उलटली असेल का?

हा प्रश्न हवेतला नाही. काही रुग्णांच्या रक्तात अनुकंपी मज्जासंस्थेशी निगडित ग्राहींना चिकटणारी प्रतिपिंडे सापडली आहेत; म्हणजे इव्हान्स यांचा संशय अगदीच आडवाटेचा नव्हता. प्रतिपिंडे तर रक्ताबरोबर अंगभर फिरतात, मग एकच हात का जळावा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांत मिळते. रुग्णांची प्रतिपिंडे टोचल्यावर उंदराचा आधी जखम केलेला पंजाच अधिक हुळहुळा झाला. इजा आणि प्रतिपिंड, दोन्ही एकत्र आल्याशिवाय दुखणे उभे राहत नसावे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. २०१० मध्ये तेरा रुग्णांच्या चाचणीत प्रतिकारशक्तीला आवर घालणारे इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिल्यावर वेदना घटली होती, पण २०१७ च्या १११ रुग्णांच्या चाचणीत त्याच उपचाराचा उपयोग दिसला नाही. त्यातून त्या मात्रेतला तो उपाय बाद होतो, प्रतिपिंडांचा संशय नव्हे. शिवाय ही प्रतिपिंडे सर्वच रुग्णांत आढळत नाहीत. या एका नावाखाली कदाचित एकाहून अधिक आजार राहत असतील.