वायफायचा पासवर्ड, सानपाड्याचा ईमेल आणि आमची धामापूरची पडवी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण किल्ल्याची किंवा राजाची नाही. तुमच्या घरात टीव्हीच्या मागे जी डबी लुकलुकत असते ना, त्या राउटरची आहे. आणि सुरुवात आमच्या घरापासून, म्हणजे मालवण तालुक्यातल्या धामापूरपासून.

जून २०२१. शहरातली खोली सोडून मी घरूनच काम करत होतो. मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपून काढला होता. वीज आली, नेट आलं, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. समोरचे म्हणायचे, ‘तू पाण्याखालून बोलतोयस का?’

आता मी बीटेक. घरात नेट बंद पडलं की सगळे माझ्याकडेच बघणार. पहिली गोष्ट, राउटर कुठे होता? टीव्हीच्या कपाटात, आणि मधे चिऱ्याची जाडजूड भिंत. लहरी दगडातून जाताना दमतात. राउटर उचलून माजघरात उंचावर ठेवला. फरक पडला, पण रात्री परत तेच.

मग लॅपटॉपला थेट केबल लावली. ही चाचणी लक्षात ठेवा. केबलवर वेग नीट मिळाला तर दोष वायफायचा. केबलवरही मिळाला नाही तर दोष लाइनचा, किंवा लाइन दुसरं कोणीतरी वापरतंय. केबलवरही वेग नव्हता. म्हणून राउटरचं पान उघडलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. १७! घरात आमचे फोन चार, लॅपटॉप एक, टीव्ही एक. मग बाकीचे अकरा कोणाचे?

आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “पोरां अभ्यास करतत. पडवीत येवन बसतत. त्येंका नाय कसां म्हणू? पाण्याक कोणाक नाय म्हणू नये, तसांच ह्यां.”

शाळा ऑनलाइन होत्या आणि मोबाईलची रेंज आमच्या वाडीत मनात आलं तर यायची. आईने नऊ जणांची नावं पटापट सांगितली. तरी दोन फोन उरले, जे तिलाही माहीत नव्हते. मी काय केलं? कोणाला न सांगता त्याच रात्री पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकींची मुलगी, आठवीतली, पडवीत येऊन बसली. तिची ऑनलाइन चाचणी होती. तिला वाटलं नेट गेलंय. तासभर वाट बघून ती घरी गेली. मी आत हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी कळलं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मी चूक केली की बरोबर? याचं उत्तर शोधताना मी जुन्या बातम्या वाचत बसलो, आणि तिथे हा इतिहास सापडला.

जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. म्हणजे घरात वायफाय लावायला कोणाची परवानगी नको. लोकांनी राउटर आणले, खोक्यातून काढले आणि तसेच लावले. त्या काळातले बरेच राउटर पासवर्डशिवायच चालू व्हायचे. ज्यांनी कुलूप लावलं त्यांचंही कुलूप अनेकदा ‘वेप’ नावाचं, १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकाबरोबर आलेलं. ते कच्चं आहे हे फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं. पक्कं कुलूप, म्हणजे डब्ल्यूपीए-२, २००४ पासून होतं. पण सेटिंग उघडून ते लावतंय कोण?

मग आला २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये एकामागून एक स्फोट झाले. ५० हून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने एक ईमेल आला होता. पोलिसांनी त्याचा आयपी पत्ता शोधला. तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहायचे. त्यांचे संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशी झाली. शेवटी उलगडलं ते असं: त्यांच्या वायफायला कुलूप नव्हतं, आणि बाहेरून कोणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता.

इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे. तुमच्या घरात दहा फोन असोत, बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. घरातल्या दहा माणसांची पत्रं एकाच घर नंबरावरून जावीत तसं. पत्र कोणी लिहिलं हे बाहेरून कळत नाही, घर कोणाचं ते कळतं. म्हणून पोलीस आधी येतात ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात.

तो प्रकार एकदाच घडला असंही नाही. ऑगस्टमध्ये असाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी या ईमेलच्या आरोपावरून काही जणांना अटक केली. त्यात पुण्यात नोकरी करणारा एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही होता. हे वाचताना मला कसंतरी झालं. माझंच शिक्षण, माझंच काम.

२००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधायला निघाले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित वापरण्याच्या सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख नोंदवायची, हे त्यातलंच. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला स्टेशनवरचं फुकट वायफाय सुरू झालं. तिथे आधी मोबाईल नंबर टाका, मग ओटीपी येतो, तेव्हा आपण वैतागतो. त्या ओटीपीची मुळं सानपाड्याच्या त्या फ्लॅटपर्यंत जातात.

पण राउटरला दारं दोन असतात, मंडळी. एक वायफायचं. दुसरं त्याच्या सेटिंगच्या पानाचं, जे आपण कधी उघडतच नाही. तिथे कंपनीने दिलेलं ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ तसंच पडून असतं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असेच ठरावीक साठ-एक पासवर्ड लावून बघत. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलचे ब्रॉडबँड मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले आणि ग्राहकांना सांगावं लागलं, मूळ पासवर्ड बदला. मी आमच्या राउटरचं दुसरं दार तपासलं. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन! बीटेकवाल्याच्या घरात!

तर शेवटी मी काय केलं, ते सांगतो. तुम्हीही आज रात्री करू शकता, अर्धा तास पुरतो.

आधी सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलला. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्या पानाचा पत्ता असतो. मग वायफायचं कुलूप डब्ल्यूपीए-२ वर आहे का ते पाहिलं. तुमच्या राउटरमध्ये २०१८ साली आलेलं डब्ल्यूपीए-३ असेल तर तेच निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून जोडायची सोय, बंद केली, कारण तिच्या आठ आकडी पिनमधली पळवाट २०११ मध्येच उघड झाली आहे. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली. फर्मवेअर अपडेट केलं. आणि कोकणासाठी खास: वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवायचा.

आणि मग पडवी. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते पोरांसाठी सुरू केलं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, वेगाला मर्यादा, रात्री दहाला बंद. त्यावरून आमचा लॅपटॉप किंवा टीव्ही दिसत नाही. पण हेही सांगायला हवं की बाहेर जाणारा पत्ता आमचाच राहतो. म्हणून पासवर्ड ज्या पोरांना आई नावाने ओळखते त्यांनाच, आणि दर महिन्याला बदलायचा. काकींच्या मुलीला नवा पासवर्ड मी स्वतः जाऊन दिला. शाळेने चाचणी परत घेतली नव्हती. ती म्हणाली, “दादा, आधी सांगलं असतंस तर मी दुसरीकडे गेले असते.” बरोबर होतं तिचं.

आमच्या गावात १५३० साली बांधलेला म्हणून सांगतात तो तलाव आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. त्याचं पाणी सगळ्यांचं आहे, पण ते टिकलंय कोणीतरी बांध घातला म्हणून. आईला एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “मगे आधी बांध घालूचो, नि मगे पाणी देवचा. तू उलटां केलंस.”

ते दोन अनोळखी फोन? त्यांचा पत्ता आजवर लागलेला नाही. तुमच्या यादीत किती आहेत, ते बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!