मधल्या दुकानाचे मोल

दलाल म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. लंडनच्या टॅक्सीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ती टॅक्सी घडविण्यात कारखानदाराइतकाच एका दुकानाचा वाटा होता. त्या दुकानाचे नाव मॅन अँड ओव्हर्टन.

१९०६ साली लंडनच्या पोलीस खात्याने टॅक्सीसाठी कडक नियम केले. त्यांपैकी एक असा की, गाडी पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे. साधी मोटार या कसोटीला उतरेना. खास गाडी बनवावी, तर एका शहराची मागणी मोठ्या कारखान्याच्या हिशेबात ती किती! पहिल्या महायुद्धापूर्वी या पेढीने फ्रान्समधून 'युनिक' गाड्या आणून विकल्या. पण १९१५ मध्ये परदेशी मोटारींवर एकतृतीयांश जकात बसली आणि तो माल महाग झाला.

तेव्हा पेढीने इंग्लंडमधल्याच ऑस्टिन कंपनीला गाठले. ऑस्टिनच्या चालू मोटारीचा सांगाडा व इंजिन घेऊन १९३० च्या सुमारास नवी टॅक्सी रस्त्यावर आली. १९३४ मध्ये तिची बैठक खाली आणली गेली. उतारूंची चढउतार सोपी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्टिन, पेढी आणि कॉव्हेंट्रीचा कार्बॉडीज कारखाना या तिघांनी मिळून 'एफएक्स ३' ही गाडी काढली. तिचे साल १९४८. दहा वर्षांनी आलेली 'एफएक्स ४' तर १९९७ पर्यंत बनत राहिली.

श्रोतेहो, मुंबईची प्रीमियर पद्मिनी मुळात घरगुती मोटार. काळा-पिवळा रंग चढवून आपण तिला टॅक्सी केले, आणि २०२३ पर्यंत ती राबली. लंडनची गाडी जन्मतःच टॅक्सी होती. पोलिसांचा नियम, चालकाची ऐपत आणि कारखान्याचा नफा या तिन्हींची मोट बांधणारे कोणी मध्ये उभे होते, म्हणूनच हे घडले.

याला दुसरी बाजूही आहे. १९८४ मध्ये ही पेढी कार्बॉडीजच्याच मालक कंपनीच्या हाती गेली. करणारा व विकणारा एक झाला. व्यवहार सुटसुटीत झाला खरा. पण चालकाचे गाऱ्हाणे कारखान्यापुढे मांडणारा तिसरा माणूस उरला नाही. मध्यस्थाचे मोल त्याच्या दलालीवरून ठरवू नये; तो कोणाचा शब्द कोणापर्यंत पोहोचवतो, यावरून ठरवावे.