घंटीवरची मान

आम्ही मूळ अमळनेरकडचे, आता सुरतेतल्या लिंबायतचे. उधना–जळगाव रेल्वेने खानदेशातली कितीतरी घरं सुरतेत आणली. बहुतेक लूमवर गेले, मी वराछ्यात हिऱ्यावर. तिथे 1960 नंतर कारखाने वाढत गेले होते, कारागीर बहुतेक सौराष्ट्रातले.

घंटीभोवती, म्हणजे हिरा घासायच्या यंत्राभोवती, आम्ही चौघं मांडी घालून बसायचो. मधे सरण, म्हणजे घासायची चकती, फिरे, त्यावर तेल आणि हिऱ्याची भुकटी. हिरा टेकवायचा, उचलायचा, दहापट भिंगातून पाहायचा, पुन्हा टेकवायचा. ब्रिलियंट घाटाचे 57 पैलू, आणि दर वेळी मान खाली. पैलूचा कोन जरा चुकला की शेठ ओरडे. आमच्या मानेचा कोन कोण मोजणार? टेबल-खुर्ची फार उशिरा आली.

शेवटी मान दुखू लागली. एक्स-रेत मानेचे सातही मणके सरळ उभे, पुढचा नैसर्गिक बाक गायब. मी घाबरलो. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, स्नायू आखडले तरी असं दिसतं. इलाज फोटोवर नाही, दुखण्यावर करायचा. हनुवटी मागे ओढायची, खांदे बळकट करायचे, काम डोळ्यांच्या जवळ उंचावर घ्यायचं, मधे मधे उठायचं. हाताची पकड सैल झाली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे. सलूनमध्ये मान कडकन मोडून घ्यायची आमची जुनी सवय त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली.